एपीआयच्या करारातल्या चुका आणि त्या धरणारा लिंटर

एपीआय स्पेसिफिकेशन हा दोन संगणकप्रणालींमधला लेखी करार असतो. कोणत्या पत्त्यावर विचारणा करायची, सोबत कोणती माहिती द्यायची, उत्तरात काय मिळेल आणि काही बिनसले तर कोणत्या क्रमांकाचा नकार येईल, हे सगळे त्यात आधीच लिहून ठेवलेले असते. फोनवरून वीजबिल भरताना बिलाची रक्कम आपोआप पडद्यावर येते, तेव्हा पैसे भरण्याचे अ‍ॅप आणि वीज कंपनीची नोंदवही यांच्यात अशाच करारांच्या साखळीतून बोलणे झालेले असते. करार लिहिणारे एका गावात, वापरणारे दुसऱ्या गावात, आणि बहुतेक वेळा त्यांची कधी गाठही पडलेली नसते. त्यामुळे लिहिताना राहिलेली छोटीशी चूक समोरासमोर विचारून सुटत नाही. ती तशीच पुढे जाते, तिच्यावर अ‍ॅप उभे राहते, आणि मग ती काढायची तर दोन्हीकडचे काम उसवावे लागते. हा करार कोणी वापरायला घेण्याआधीच ओळ न ओळ वाचून चुका दाखवणारे अवजार म्हणजे लिंटर.

वेबवरच्या एपीआयसाठी आज सर्वाधिक चालणारा साचा ओपनएपीआय या नावाने ओळखला जातो. त्याचा उगम स्वॅगर या प्रकल्पात आहे. वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत काम करताना टोनी टॅम यांनी तो सुरू केला आणि २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. २०१५ साली स्मार्टबेअर कंपनीने स्वॅगर आपल्याकडे घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनएपीआय इनिशिएटिव्ह स्थापन झाला आणि २०१६ च्या आरंभी साच्याचे नावही बदलले. ३.० ही आवृत्ती जुलै २०१७ मध्ये आली, ३.१ फेब्रुवारी २०२१ मध्ये. भारतात ग्राहकाच्या संमतीने बँक खात्याची माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेणारी अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था खुल्या एपीआय स्पेसिफिकेशनवर उभी आहे, आणि ती स्पेसिफिकेशन रिझर्व्ह बँकेची उपकंपनी रिबिट हिने प्रसिद्ध केली. बँका, विमा कंपन्या, कर्ज देणाऱ्या संस्था अशा अनेकांनी एकच कागद वाचून आपापली प्रणाली बांधायची असते, तेव्हा तो कागद निर्दोष असण्याला किती मोल येते हे वेगळे सांगायला नको.

हा कागद म्हणजे प्रत्यक्षात एक मजकुराची फाइल असते, बहुधा यामल या पद्धतीने लिहिलेली. यामलमध्ये कंसांऐवजी ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून काय कशाच्या पोटात येते ते ठरते. माणसाला वाचायला सोपी, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण मोठ्या सेवेची फाइल हजारो ओळींची होते, आणि हजारो ओळींत दोन मोकळ्या जागा कमी पडल्या आहेत हे कोणाच्याही डोळ्याला दिसत नाही. शिवाय ही फाइल माणसापेक्षा यंत्रेच जास्त वाचतात. तिच्यावरून दस्तऐवजाची पाने तयार होतात, वापरणाऱ्याचा कोड आपोआप लिहिला जातो, खोटा सर्व्हर उभा करून चाचणी घेतली जाते. माणूस संदर्भाने अर्थ लावून पुढे जातो, यंत्र लिहिले आहे तेच धरून चालते.

चुका कशा घडतात हे जवळून पाहण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. एका सहकारी दूध संघाने आपल्या संकलन केंद्रांसाठी एपीआय लिहायला घेतला आहे, असे धरू. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध आणून घालतात, काट्यावर माप होते, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघते, त्यावरून दर लागतो आणि दहा दिवसांचे दूधबिल तयार होते. केंद्रावरचे यंत्र ही नोंद संघाच्या सर्व्हरकडे पाठवते आणि सभासदाच्या फोनमधले अ‍ॅप ती तिथून मागून घेते. यंत्र एका कंपनीचे, अ‍ॅप दुसऱ्या कंपनीचे. दोघांनाही दिलेली फाइल मात्र एकच.

या फाइलमध्ये प्रत्येक केंद्राला चार अंकी कोड आहे, आणि लिहिणाऱ्याने उदाहरण म्हणून ०४१७ हा कोड दिला आहे, अवतरणचिन्हांशिवाय. रकान्याचा प्रकार मजकूर असा बरोबर लिहिलेला आहे. कागदावर सगळे ठीक दिसते. पण यामलच्या १.१ या जुन्या आवृत्तीप्रमाणे शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. ती आवृत्ती पाळणारा वाचक ०४१७ ची किंमत काढतो २७१. नव्या १.२ आवृत्तीचा वाचक तिला ४१७ समजतो. म्हणजे पुढचे शून्य दोन्हीकडे गळालेच, आणि एका ठिकाणी तर भलत्याच केंद्राचा कोड तयार झाला. याच जातीची दुसरी चूक नॉर्वेची म्हणून प्रसिद्ध आहे. देशांच्या दोन अक्षरी कोडांत नॉर्वेचा कोड एन-ओ आहे, आणि यामल १.१ मध्ये अवतरणाशिवायचे नो म्हणजे नकारार्थी मूल्य. देशांची यादी लिहिता लिहिता एक देश ‘असत्य’ होऊन बसतो. लिंटर इथे थेट कामाला येतो. तो रकान्याचा जाहीर प्रकार आणि त्याचे उदाहरण शेजारी ठेवतो आणि सांगतो: ओळ ११२, चूक, उदाहरण मजकूर असायला हवे, इथे संख्या आहे. अवतरणचिन्हे घातली की काम झाले.

उदाहरणांची तपासणी ही बारीक गोष्ट वाटते, पण ती सर्वात मोलाच्या तपासण्यांपैकी एक आहे. एपीआय वापरणारा अभियंता घाईत असतो. तो वर्णन वाचण्याआधी उदाहरण उचलतो आणि आपल्या कोडमध्ये चिकटवतो. उदाहरण चुकीचे असेल तर चूक जितके जण वापरतील तितक्या ठिकाणी पेरली जाते.

दुसरी नेहमीची चूक पत्त्यातल्या बदलत्या भागाची. सभासदाची माहिती मागण्याच्या पत्त्यात महिरपी कंसात ‘सभासदक्रमांक’ असे नाव आहे, आणि खाली पॅरामीटरांच्या यादीत त्याच जागी ‘सभासदकोड’ लिहिले गेले आहे. बहुधा मध्येच कोणीतरी नाव बदलले आणि एक जागा राहिली. माणूस दोन्ही एकच समजून वाचत जातो. आपोआप कोड लिहिणाऱ्या यंत्राला मात्र ही दोन वेगळी नावे. ते सभासदकोड घेते आणि पत्त्यात कुठे घालायचा हे न कळल्याने महिरपी कंस तसाच सर्व्हरकडे पाठवून देऊ शकते. लिंटर अशा ठिकाणी दोन तक्रारी नोंदवतो: पत्त्यातल्या नावाची व्याख्या नाही, आणि व्याख्या केलेले नाव पत्त्यात नाही. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते हे ओळखायला थोडी सवय लागते.

अनिवार्य रकान्यांची चूक याहून कपटी. नव्या सभासदाच्या नोंदणीत ‘मोबाइलक्रमांक’ अनिवार्य आहे असे वर जाहीर केले, आणि खाली रकान्यांच्या वर्णनात नाव पडले ‘मोबाइल’. साच्याच्या व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे नाही. जेसन स्कीमा, म्हणजे माहितीची घडण सांगणारी जी भाषा ओपनएपीआय वापरते, ती वर्णन न केलेला रकाना अनिवार्य करायला मनाई करत नाही. त्यामुळे केवळ घडण तपासणारे अवजार ही फाइल पास करते. प्रत्यक्षात मात्र ‘मोबाइल’ पाठवणाऱ्याला नकार मिळतो. त्यातच ‘वर्णन केले आहे त्याखेरीज दुसरा रकाना चालणार नाही’ अशी अट घातलेली असेल तर मोबाइलक्रमांक पाठवला तरी नकार आणि नाही पाठवला तरी नकार. कोणीही भरला तरी कधीच पास होणार नाही असा अर्ज तयार झालेला असतो, आणि तोही पूर्णपणे व्याकरणशुद्ध. ही विसंगती धरणारा तयार नियम काही लिंटरमध्ये असतो.

इथेच व्हॅलिडेटर आणि लिंटर यांतला फरक उघड होतो. व्हॅलिडेटर विचारतो की ही फाइल ओपनएपीआयच्या घडणीत बसते का. लिंटर त्यापुढे जाऊन विचारतो की बसत असली तरी ती शहाणपणाने लिहिली आहे का. आज एकाच अवजारात दोन्ही कामे होतात, तरी कोणता संदेश कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ठाऊक असलेले बरे.

बाकीच्या नेहमीच्या चुका भराभर सांगता येतील. प्रत्येक क्रियेला ऑपरेशन आयडी नावाची ओळख असते आणि आपोआप लिहिलेल्या कोडमध्ये तेच फंक्शनचे नाव होते. नवी क्रिया लिहिताना जुनीची नक्कल केली आणि ओळख बदलायची राहिली, की दोन फंक्शनांचे नाव एक होते. एकच पत्ता फाइलमध्ये दोनदा लिहिला गेला तर यामलचे कित्येक वाचक काही न बोलता दुसरा ठेवतात, पहिला टाकून देतात. काढून टाकलेल्या व्याख्येकडे बोट दाखवणारा संदर्भ मागे राहतो. सत्राच्या यादीत ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ एवढीच मूल्ये असतात आणि गृहीत मूल्य दिलेले असते ‘दुपार’. आवृत्ती बदलतानाही घोटाळे होतात. रकाना रिकामा चालेल हे सांगायची ३.० मधली पद्धत ३.१ मध्ये काढून टाकली गेली. फाइलच्या माथ्यावरचा आकडा ३.१ केला आणि आत जुनीच पद्धत राहिली, तर रिकाम्या मूल्याची ती परवानगी कोणी वाचतच नाही.

मोबाइल क्रमांकाच्या आकृतिबंधाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. ‘पहिला अंक ६ ते ९ पैकी, पुढे कोणतेही ९ अंक’ असा नियम लिहिला की दहा अंकी क्रमांकच घेतले जातील असे वाटते. पण जेसन स्कीमात आकृतिबंध मजकुराच्या कोणत्याही भागाशी जुळला तरी चालतो. तेरा अंकांच्या मजकुरात कुठेतरी असे दहा अंक सापडले की तो पास. सुरुवात आणि शेवट बांधणारी चिन्हे दोन्ही टोकांना लावावीच लागतात. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते, कारण काही प्रोग्रॅमिंग भाषांतली तपासणीची फंक्शने आपणहून पूर्ण मजकूर जुळवतात आणि हाताला तीच सवय लागलेली असते.

लिंटर हे नाव वेबपेक्षा पुष्कळ जुने आहे. इंग्रजीत लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले कापसाचे तंतू, लोकरीची बारीक बोंडे. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी याच नावाचे अवजार लिहिले. कंपायलर ज्या गोष्टी चालवून घेतो पण ज्या बहुधा चुकीच्या असतात, त्या ते वेचून दाखवत असे. कपडा फाटलेला नाही, पण झटकून घ्यायला हवा, असा त्या नावाचा भाव. पुढे जवळजवळ प्रत्येक भाषेला आपला लिंटर मिळाला आणि करारनाम्यांच्या फायलींनाही.

ओपनएपीआयच्या जगात स्पेक्ट्रल हे अवजार सर्वात परिचित. ते स्टॉपलाइट कंपनीने मुक्त स्रोत म्हणून काढले; २०२३ मध्ये ती कंपनी स्मार्टबेअरकडे गेली. रेडॉकलीचे अवजार, त्झालांडो या बर्लिनच्या कंपनीने आपल्या एपीआय मार्गदर्शिकेसोबत बाहेर आणलेले झॅली, स्पेक्ट्रलचीच नियमावली वाचू शकणारे व्हॅक्यूम, हीही वापरात आहेत. सगळ्यांची रीत साधारण सारखीच. फाइल वाचून तिचे झाड तयार करायचे, संदर्भ सोडवून जागच्या जागी बसवायचे, आणि मग एकेक नियम घेऊन झाडाच्या फांद्या तपासायच्या.

स्पेक्ट्रलमधल्या एका नियमाचे मुख्य भाग तीन: कुठे पाहायचे, काय तपासायचे, आणि चुकले तर ते किती गंभीर. ‘कुठे’ हे जेसनपाथ या शोधभाषेत सांगतात, उदाहरणार्थ सर्व पत्त्यांखालच्या सर्व क्रिया. ‘काय’ यासाठी तयार फंक्शने असतात: अमुक गोष्ट भरलेली आहे का, नाव ठरलेल्या धाटणीचे आहे का, लांबी मर्यादेत आहे का. गंभीरपणाच्या पायऱ्या चार: चूक, इशारा, माहिती आणि सूचना. या तीन भागांत दूध संघ आपला नियम स्वतः लिहू शकतो. मोबाइलच्या आकृतिबंधाची दोन्ही टोके बांधलेली हवीत, हा नियम पाचसात ओळींत होतो.

नियम लिहिणे इतके सोपे असल्यामुळे ते वाढतातही झपाट्याने, आणि हे जपण्याचे ठिकाण आहे. रकान्यांची नावे एकाच धाटणीची असावीत, प्रत्येक क्रियेला वर्णन असावे, हे योग्यच. पण वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नाही आणि केंद्राचा कोड भलताच झाला आहे या दोन गोष्टी सारख्याच लाल रंगात समोर आल्या, तर वाचणारा लवकरच दोन्हींकडे पाहणे सोडतो. इंटरनेटच्या मानकांत ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘करता येईल’ या तीन शब्दांचे अर्थ १९९७ साली आरएफसी २११९ मध्ये पक्के करण्यात आले. झॅलीच्या नियमांना हीच वर्गवारी आहे, आणि ती फार उपयोगी पडते. करार मोडेल ते पहिल्या वर्गात, वाचणाऱ्याला त्रास होईल ते दुसऱ्या वर्गात टाकावे.

सुरक्षेचे नियम पहिल्या वर्गात बसतात. ओवॅस्प ही संस्था एपीआयच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. पहिली २०१९ मध्ये आली, सुधारित २०२३ मध्ये. तिच्यावर बेतलेली स्पेक्ट्रलची तयार नियमावली उपलब्ध आहे. सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीएसचा आहे का, ओळख पटवण्याची पद्धत नुसती जाहीर करून ठेवली आहे की क्रियांना लावलीही आहे, यादी आणि मजकूर यांना कमाल मर्यादा आहे का, हे ती पाहते. मर्यादा नसलेल्या यादीतून कोणी एका फटक्यात दहा लाख नोंदी पाठवून सर्व्हर झोपवू शकतो. सभासदांना १, २, ३ असे सलग क्रमांक देण्यालाही ती हरकत घेते. सर्व्हरने मालकी तपासली नाही तर आपल्या क्रमांकात एक मिळवून शेजाऱ्याचे दूधबिल पाहता येते, आणि ओवॅस्पच्या दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक याच धोक्याचा आहे. सर्व्हर ती मालकी खरोखर तपासतो की नाही हे मात्र फाइल वाचून कळत नाही.

लिंटर चालवायचा कुठे, यालाही महत्त्व आहे. लिहिता लिहिता संपादकातच चुकीखाली रेघ उमटली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. त्यापुढचा मुक्काम म्हणजे बदल सामाईक साठ्यात मिसळण्याआधीची स्वयंचलित तपासणी. चूक सापडली की लिंटर शून्याखेरीज दुसरा आकडा परत देतो, आणि तो पाहून पुढची साखळी थांबते. नव्या फाइलला हे पहिल्या दिवसापासून लावता येते. जुन्या फाइलवर पहिल्यांदा लिंटर चालवला की शेकडो तक्रारींचा ढीग पडतो आणि माणसे हबकतात. तेव्हा आज आहेत त्या तक्रारींची यादी करून त्या तात्पुरत्या वगळायच्या, नवीन एकही शिरू द्यायची नाही, आणि जुन्या थोड्या थोड्या काढत जायच्या, ही रीत टिकते. वगळलेल्यांची यादी ठेवण्याची सोय रेडॉकलीच्या अवजारात आहे. जुन्या रकान्यांची नावे केवळ धाटणीत बसवण्यासाठी बदलणे मात्र धोक्याचे असते. केंद्रावरचे यंत्र जुनेच नाव पाठवत राहील आणि सकाळचे संकलन अडेल.

असा बदल लिंटरच्या नजरेतून सुटतो, कारण त्याच्यासमोर एकच फाइल असते, कालची नसते. त्यासाठी ओएएसडिफ यासारखे दोन आवृत्त्यांची तुलना करणारे अवजार लागते. रकाना काढला, ऐच्छिक होता तो अनिवार्य केला, उत्तराचा प्रकार बदलला, असे जुन्या वापरकर्त्याला मोडणारे बदल ते वेगळे काढून दाखवते. तसेच फाइलमध्ये लिहिले आहे तसा सर्व्हर वागतो का, हे पाहायला स्किमाथेसिस किंवा ड्रेड ही अवजारे. ती स्पेसिफिकेशनवरून चाचण्या तयार करून चालत्या सेवेवर सोडतात. स्किमाथेसिस तर मुद्दाम विचित्र मूल्ये बनवून पाठवते आणि कुठे सर्व्हर कोसळतो ते शोधते.

उरतो अर्थाचा प्रश्न. दूध संघाच्या फाइलमध्ये ‘प्रमाण’ नावाचा रकाना आहे, प्रकार दशांश संख्या, किमान मूल्य शून्य, उदाहरण १२.५. सगळे नियम पास. केंद्रावरचे यंत्र या रकान्यात किलो पाठवते, अ‍ॅप बनवणाऱ्याने लिटर धरले आहेत. लिटरभर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते, म्हणजे फरक तीन टक्क्यांचा. तो इतका लहान की पडद्यावरचा आकडा चुकीचा वाटत नाही, आणि इतका मोठा की दहा दिवसांच्या बिलात सभासदाला जाणवावा. अशी चूक धरायला दूध आणि काटा दोन्ही ठाऊक असलेला माणूस ती फाइल वाचायला बसावा लागतो. त्याच्या एकदा लक्षात आले की ती पुन्हा न होण्याची तजवीज मात्र लिंटरकडे सोपवता येते: ज्या रकान्याच्या नावात ‘प्रमाण’ आहे, त्या नावाच्या शेवटी ‘किलो’ किंवा ‘लिटर’ असलेच पाहिजे, गंभीरपणा, चूक.